चाकावरच्या संसारात मी पाहुणी

मैत्रिणींनो, फिरतीच्या नोकरीवाल्याची बायको म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहीजणींना चांगलं ठाऊक असेल. महिन्यातून चार दिवस साहेब दौऱ्यावर गेले तर आपण म्हणतो, 'घर खायला उठतं बाई!' आमच्याकडे मात्र हिशेब उलटा आहे. महिन्यातले चार दिवस हे घरी असतात आणि बाकीचे दिवस गाडीवर. आमचे हे ट्रकड्रायव्हर आहेत. गाडी स्वतःची, बारा चाकांची, बँकेच्या कर्जावर घेतलेली. कऱ्हाडला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पण ह्यांचं अंथरूण, कपडे, भांडीकुंडी, देव, दाढीचं सामान सगळं गाडीत. घरच्या कपाटात ह्यांचा एक लग्नातला कोट तेवढा टांगलेला आहे.

तेही एक वेळ चाललं असतं. पण घरी आले तरी हे रात्री उशी उचलायचे आणि दारात उभ्या केलेल्या गाडीत जाऊन झोपायचे! शेजारच्या काकू एकदा हसत हसत म्हणाल्या, "काय गं, भाऊजींना घरात जागा नाही का?" मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. बावीस वर्षं संसार केला, दोन मुली झाल्या, आणि ह्या माणसाला आपलं घर नकोच आहे, असं वाटून फार अपमान वाटला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ह्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, "वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप. नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही." मी त्याच दिवशी जाहीर केलं, की गाडी विकायची. चौदा हप्ते राहिले होते, ते कसेही फेडू. हे काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "क्लीनर बहिणीच्या लग्नाला गावी चाललाय. तू एक फेरी माझ्याबरोबर ये. मग सांगशील ते करू."

मुलींना सासूबाईंच्या स्वाधीन केलं आणि मे महिन्यात एका दुपारी मी पिशवी घेऊन हायवेला येऊन उभी राहिले. हे कोल्हापूरजवळ शिरोलीच्या कारखान्यातून वीस टन ओतकामाचे सुटे भाग भरून आले. माल हरियाणात मानेसरला पोचवायचा होता.

आता गंमत बघा. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जाणारा हा रस्ता थेट दिल्लीला जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. पूर्वी मुंबईपर्यंतच्या रस्त्याला लोक चार नंबर म्हणत आणि पुढच्याला आठ नंबर. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हापासून चेन्नईपासून दिल्लीपर्यंत हा एकच ४८ नंबरचा महामार्ग झाला. लांबी सुमारे २८०० किलोमीटर. ज्या रस्त्यानं मी मुलींना शाळेत सोडते, त्याच रस्त्यानं माझे यजमान उदयपूर, जयपूरला जातात!

केबिनमध्ये चढणं हेच पहिलं दिव्य. साडी नेसून तीन पायऱ्या चढायच्या, हाताला दांडा धरायचा आणि झोकून द्यायचं. आत बसले आणि नजर फिरवली. तुम्हीही माझ्या जागी असता तर हेच केलं असतं. दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात गेल्यावर आपण हळूच फळ्या बघतो ना, तसं.

आणि सांगते, मी गप्पच झाले. मागे झोपायची लांब फळी, तिच्यावर गादी, गादीवर धुतलेली चादर, चारही कोपरे ताठ खोचलेले. फळीखाली पेटी. पेटीत तांदूळ, तूरडाळ, कांदे, मीठ-मसाल्याचे डबे, कुकर, एक तवा, दोन ताटं. आरसा, साबण आणि टूथब्रश दारावरच्या जाळीत. बिल्टी आणि गाडीचे कागद वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. समोर विठ्ठल-रखुमाई, त्यांच्यापुढे ताजं फूल. टॉर्च उजव्या हाताला, पाण्याची बाटली डाव्या. घरी ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, त्याचं हे घर! मी मनात म्हटलं, 'म्हणजे येतं तर सगळं.'

पहिलाच धडा पुण्याजवळ मिळाला. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं, की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. ह्यांनी गाडी एकदम हळू केली. मागचे हॉर्न वाजवू लागले. मी म्हटलं, "अहो, उतारच आहे, जाऊ द्या की!" तेव्हा ह्यांनी समजावलं. डिझेल वाचवायला काहीजण इथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ह्याच ठिकाणी एका अवजड गाडीनं कितीतरी वाहनांना धडक दिली होती. "चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं," हे म्हणाले, "वाचलेलं डिझेल कुणाच्या जिवापेक्षा मोठं नाही." आमची गाडी लिटरला चार किलोमीटरही धड देत नाही. तरीही हे शब्द ऐकून मला बरं वाटलं.

रात्री कळंबोलीला मुक्काम झाला. दुसरा दिवस उजाडला आणि मला वाटलं, आता भराभर जाऊ. कसलं काय! पुढे शहरात ठरावीक वेळी जड गाड्यांना बंदी. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागलेली. ड्रायव्हरचं आयुष्य म्हणजे गाडी चालवणं, असा माझा समज होता. पण ह्यांचा निम्मा जन्म थांबण्यातच जातो. बंदीची वेळ संपायला थांबायचं, माल भरायला थांबायचं, उतरवायला थांबायचं, परतीचं भाडं मिळेपर्यंत थांबायचं. आणि खरा संसार चालतो तो ह्या थांबण्यातच. कुणी चाकाला टेकून दाढी करत होता, कुणी आरशाच्या दांड्यावर बनियन वाळत घातलं होतं, कुणी फोनवर मुलाकडून पाढे म्हणवून घेत होता.

आम्हीही चूल मांडली. चूल म्हणजे पाच किलोचा छोटा गॅस. हा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. ह्यांच्यासारख्यांना तो किती सोयीचा! शेगडी नेहमी खाली जमिनीवर, गाडीच्या सावलीत पेटवायची, बंद केबिनमध्ये कधीही नाही. ह्यांनी एका हातानं खिचडी टाकली आणि दुसऱ्या हातानं कांदा फोडला. मी आपलं माणूसपण दाखवायला पेटीतले डबे नीट लावले. मीठ पुढे, हळद मागे, आपल्या पद्धतीनं.

रात्री डहाणूच्या अलीकडे चारोटीला गाडी लावली तेव्हा अंधार गुडुप्प. हे पेटीत हात घालून चाचपत राहिले. मिठाऐवजी साखर हाती आली. जरा चढ्या आवाजात म्हणाले, "कुणी हलवलं हे?" आणि मग एकदम थांबले. बाहेर पाहत म्हणाले, "इथं दिवा लावला की डास येतात आणि चोरही. म्हणून सगळं हातानं सापडायला हवं."

मैत्रिणींनो, मला माझ्या सासूबाई आठवल्या. नवी नवरी असताना मी त्यांची फळणी लावली होती, तेव्हा त्या अशाच चिडल्या होत्या. मी गुपचूप सगळे डबे होते तिथे ठेवले. हे घर ह्यांचं होतं. मी पाहुणी होते.

तिसऱ्या दिवशी गुजरात. वलसाड, सुरत मागे टाकून आम्ही भडोचला नर्मदा ओलांडली. तारांनी तोललेला नवा पूल ७ मार्च २०१७ रोजी सुरू झाला. त्याआधी इथे तासन्‌तास गाड्या अडकायच्या. "आपल्या धाकटीचा बारशाचा दिवस मी ह्याच पुलाच्या अलीकडे काढला," हे म्हणाले. मला तो दिवस आठवला. मी त्या दिवशी काय काय बोलले होते, तेही आठवलं. ह्यांना वाटलं असेल की मी नर्मदामाईला हात जोडतेय. पण खरं सांगू, मी तोंड लपवत होते.

बदललेलं बरंच काही हे सांगत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. पूर्वी तिथे एकेक रात्र जायची. टोलला आता फास्टॅग आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे, तेही चांगलंच. पण आमची गाडी जुनी! मे महिन्यातलं ऊन काचेतून, इंजिनाची धग पायाखालून. दुपारी दोन वाजता केबिनमध्ये बसणं म्हणजे तव्यावरच्या भाकरीसारखं भाजून निघणं. मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. हे मात्र बावीस वर्षं ह्याच तव्यावर बसलेत.

आता तुमच्या मनातला प्रश्न. बाईमाणसाची सोय काय? उत्तर देते, पण ऐकून वाईट वाटेल. ढाब्यावर जेवलं, की खाट फुकट आणि आंघोळीचं पाणीही फुकट. पण आंघोळ कुठे? उघड्या हौदावर! पुरुष तिथे लंगोट लावून खुशाल बादल्या ओततात. आपण काय करायचं? पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह असतं, ते मोठे पंप बघून गाठायचं. दोनदा कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. मी पाणी कमी पिऊ लागले आणि चौथ्या दिवशी डोकं धरलं. तेव्हा आठवण झाली ती योगिता रघुवंशी यांची. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या ह्या बाईंनी २००३ साली पती गेल्यावर दोन मुलांसाठी ट्रकचं स्टेअरिंग हाती घेतलं आणि देशभर माल वाहिला. त्यांनी ही अडचण किती वर्षं सोसली असेल!

राजस्थानात एका ढाब्यावर मात्र मालकाची म्हातारी आई बाहेर आली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बेटी, अंदर आ जा." मागच्या घरात नेऊन न्हाणीत दोन बादल्या पाणी दिलं. न्हाऊन आले तर विचारते, "घर कहाँ है तेरा?" मी 'महाराष्ट्र' म्हणणार होते, पण माझं बोट आपसूक गाडीकडे गेलं. म्हातारी खूप हसली. निघताना तिनं लोणच्याची बरणी दिली.

त्याच रात्रीची गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला घेतला आहे.

चितोडगड ओलांडून भिलवाड्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. उकाड्यामुळे मी केबिनच्या टपावर ताडपत्री अंथरून पडले होते. वर एवढं चांदणं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. हे खाली फळीवर. मला डोळा लागतो न लागतो तोच दार वाजलं. हे उतरले, गाडीभोवती फेरी मारली, डिझेलच्या टाकीचं झाकण हातानं बघितलं, ताडपत्रीची दोरी ओढून पाहिली आणि परत जाऊन पडले. पाऊण तासानं पुन्हा तेच. मग पुन्हा. मी वरून विचारलं, "अहो, काय झालं?" म्हणाले, "काही नाही. टाकीत दोनशे लिटर डिझेल आहे. झाकणाचा आवाज आला की जाग येते. आवाज नाही आला तरी येते."

"रोज असंच?"

"रोज असंच."

"आणि कऱ्हाडला दारात गाडी असते तेव्हा?"

हे काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "घरात झोपलो तर आवाज ऐकू येणार नाही, असं वाटत राहतं. मग झोपच लागत नाही. गाडीत निदान डोळा तरी लागतो."

मैत्रिणींनो, बावीस वर्षं मी ज्याला माझा अपमान समजत होते, तो हा होता. हा माणूस घराला कंटाळून गाडीत जात नव्हता. आमचं घर, मुलींच्या फिया, माझ्या हातातल्या बांगड्या, सगळं ज्या बारा चाकांवर उभं होतं, त्यांची राखण करायला जात होता. आणि साखर रक्तात का चढली, हेही मला त्या टपावर बसून समजलं. डॉक्टरांनी सांगितलेली झोप ह्यांना कुठेच मिळत नव्हती. गाडीतही नाही अन्‌ घरातही नाही.

मी टपावरून खाली उतरले. टॉमी हातात घेतली. टॉमी म्हणजे टायर ठोकून हवा बघायची लोखंडी कांब. म्हटलं, "तुम्ही झोपा. आज क्लीनर मी आहे." आधी हसले, नको-नको म्हणाले. मी हलले नाही. शेवटी पडले. दहा मिनिटांत घोरायला लागले. मी पायरीवर बसून राहिले. अधूनमधून उठून गाडीला फेरी मारायची, टाकीचं झाकण बघायचं. कुत्री भुंकली की पोटात गोळा यायचा. पण समोरच्या ढाब्यावरचा पोऱ्या मध्येच चहा देऊन गेला आणि शेजारच्या गाडीचा सरदारजी म्हणाला, "बहनजी, फिकर न करो, हम भी जाग रहे हैं." सहा तास झोपले हे. सहा तास! सकाळी उठून घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की ते मी इथे लिहीत नाही.

पुढे किशनगडचे संगमरवराचे ढीग, जयपूर आणि सहाव्या दिवशी मानेसर. कारखान्याच्या फाटकाबाहेर दीड दिवस थांबावं लागलं. बाईला आत प्रवेश नव्हता, म्हणून मी समोरच्या लिंबाखाली बसले. दोनशे गाड्या थांबत असतील, पण तिथे ना पिण्याच्या पाण्याचा नळ, ना शौचालय. ज्याच्या मालावर कारखाना चालतो, त्याला एक तांब्याभर पाणी देणं जड का जावं?

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम ठरवलं होतं. पण तो होता पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या मालकांसाठी. आमच्यासारखा जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, त्याचे तास कुणी मोजायचे? बायकोनंच!

माल उतरला आणि लगेच हैदराबादचं भाडं मिळालं. घराकडचं नव्हे! हे असंच असतं. जिकडचं भाडं तिकडे गाडी. रिकामी परत यावी तर डिझेल आपल्या खिशातून. मला दिल्लीला रेल्वेत बसवून हे दक्षिणेकडे वळले. गाडीच्या मागे आमच्या दोन्ही मुलींची नावं रंगवलेली आहेत. इतकी वर्षं मुली बापाबरोबर देशभर फिरत होत्या, मीच तेवढी मागे राहिले होते.

गाडी आम्ही विकली नाही. पण मी माझ्या अटी घातल्या. रात्री अकरा ते पाच गाडी उभी. लांबच्या फेरीला क्लीनरऐवजी लायसन्स असलेला जोडीदार, मग पैसे थोडे कमी उरले तरी चालतील. आणि महिन्याला साखरेची तपासणी, ज्या गावात असतील त्या गावात. हे कुरकुरले, पण पाळतात. साखर थोडी उतरली आहे.

तुमच्याही घरचं कुणी लाईनवर असेल, तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. बरोबर लाडू-चिवडा देऊ नका. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, कारळ्याची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट आणि भाजलेले फुटाणे द्या. साखर असलेल्याला फुटाणे फार उपयोगी पडतात. गोळ्यांचा डबा काचेपाशी ठेवू देऊ नका, उन्हानं औषध खराब होतं. तो फळीखालच्या पेटीत असावा. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३ हा नंबर आहे, तो फोनमध्ये आणि कागदावरही लिहून द्या. फोन केलात तर 'कधी येणार?' हे आधी विचारू नका. आधी विचारा, 'झोपलात का?'

दिवाळीला हे घरी आले. मी पलंगाच्या उजव्या हाताला टॉर्च ठेवला, डाव्या हाताला पाण्याची बाटली. गाडीकडची खिडकी उघडी ठेवली आणि खिडकीशी खुर्ची टाकून नरकासाच्या करंज्या भरत बसले. म्हटलं, "मला इथून टाकीचं झाकण दिसतंय. पडा तुम्ही."

हे उशी उचलून दारापर्यंत गेले. तिथे थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले आणि पलंगावर आडवे झाले.